आरोप जन्मावर, शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या : ज्यूद्वेषाची धार्मिक मुळे

इस्रायल या राष्ट्राच्या धोरणाविषयी बोलता बोलता आपल्यातले काही शिकलेसवरलेले कार्यकर्तेही 'ही जातच तशी' असे बोलून जातात. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये हजारो निरपराध माणसे, त्यात लहान लहान लेकरे मारली गेली. ते पाहून कोणाही संवेदनशील माणसाचे रक्त उसळावे हे स्वाभाविक आहे. परंतु राग एका सरकारचा आणि बोट मात्र एका संपूर्ण मानवसमूहाच्या जन्माकडे, असे होते तेव्हा आंबेडकरी माणसाने थांबले पाहिजे. 'ही जातच तशी' हे तीन शब्द आपल्याला नवे नाहीत. आपल्या आजा-पणजांनी ते गावच्या चावडीवर उभे राहून ऐकले आहेत. म्हणूनच ज्यूद्वेष कुठून आला, तो कोणी जन्माला घातला आणि कायद्याने तो कसा पोसला, हे समजून घेणे हा केवळ युरोपच्या इतिहासाचा विषय नाही. तो आपल्याही शहाणपणाचा विषय आहे.

एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'ज्यूंनी काहीतरी केलेच असेल ना? उगाच का जग दोन हजार वर्षे त्यांचा द्वेष करील?' हा युक्तिवाद फौजदारी न्यायालयात कोणी केला तर न्यायाधीश त्याला खाली बसवतील. आरोपीने इतक्यांदा मार खाल्ला आहे, त्या अर्थी तो गुन्हेगारच असला पाहिजे, याला पुरावा म्हणत नाहीत. आरोप काय, तो कोणी केला, कशाच्या आधारे केला आणि त्यात फिर्यादीचा फायदा कोणता, हे क्रमाने तपासावे लागते. ज्यूद्वेषाचा खटला त्याच पद्धतीने तपासून पाहू.

मूळ आरोप

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीही ग्रीक आणि रोमन लेखक ज्यूंना नावे ठेवीत. हे लोक एकच देव मानतात, मूर्तीपुढे वाकत नाहीत, आठवड्यातून एक दिवस काम करीत नाहीत, सुंता करतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. इ.स. ३८ मध्ये अलेक्झांड्रिया शहरात ज्यूंविरुद्ध मोठी दंगलही झाली. परंतु परक्यांना नावे ठेवण्याची सवय रोमनांना एकूणच होती. ज्यूद्वेषाला जे कायमचे, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे रूप आले ते एका धार्मिक आरोपामुळे आले. तो आरोप असा की, ज्यूंनी येशूला, म्हणजे प्रत्यक्ष देवाला मारले.

आता वस्तुस्थिती पाहा. येशू स्वतः ज्यू होता. त्याची आई ज्यू होती. त्याचे पहिले शिष्य ज्यू होते. ख्रिस्ती धर्म रोमन जगात नेणारा पौल ज्यू होता. क्रूसावर चढवणे ही रोमन सत्तेची शिक्षा होती आणि ती देणारा पाँटियस पिलात हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदिया प्रांताचा रोमन अधिकारी होता. मग दोष रोमन सत्तेकडून ज्यूंकडे कसा सरकला?

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जिंकून ज्यूंचे मंदिर उद्ध्वस्त केले. बायबलमधील शुभवर्तमाने साधारणपणे याच सुमारास आणि त्यानंतर लिहिली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्यूंनी बंड केलेले, रोमन सत्ता चिडलेली, अशा काळात नव्या पंथाला त्याच साम्राज्यात जगायचे होते. रोमन अधिकाऱ्याला सौम्य दाखवणे आणि दोष ज्यू पुढाऱ्यांवर, पुढे जमावावर टाकणे सोयीचे होते. मत्तयच्या शुभवर्तमानात पिलात हात धुऊन मोकळा होतो आणि जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर घेतो. एका घरातले हे भांडण होते. भाऊ भावाला बोलतो तशी ती भाषा होती. परंतु पुढे घर तुटले, एका भावाच्या हाती राजसत्ता आली आणि घरगुती भांडणातले शब्द धर्मग्रंथ म्हणून वाचले जाऊ लागले. 'आणि मुलाबाळांवर' या शब्दांतून मग न जन्मलेल्या पिढ्याही आरोपी ठरवल्या गेल्या.

बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला शिक्षा देता येत नाही, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. इथे तर बापाचाही गुन्हा सिद्ध नव्हता.

शेजाऱ्यांना तोडण्यासाठी द्वेष

सामान्य ख्रिस्ती माणूस आणि सामान्य ज्यू यांच्यात पहिल्यापासून वैर होते, असा समज आहे. तो खरा नाही. इ.स. ३८६-८७ मध्ये अँटिऑक शहरात जॉन क्रिसोस्टम या धर्मोपदेशकाने ज्यूंविरुद्ध अत्यंत विखारी प्रवचने दिली. का दिली? कारण त्याच्या चर्चमधले ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सणांना जात होते, त्यांच्या प्रार्थनास्थळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये जात होते, ते पवित्र मानून तिथे शपथा घेत होते. शेजारी शेजाऱ्याकडे जात होता आणि पुरोहिताला नेमके तेच नको होते. द्वेष खालून वर गेला नाही, तो व्यासपीठावरून खाली सोडला गेला. पुरोहितशाहीची ही रीत आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

याच काळात धर्मपीठाला राजदंडाची जोड मिळाली. इ.स. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. त्यानंतर आठच वर्षांनी, इ.स. ३८८ मध्ये, युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावात बिशपच्या चिथावणीने जमावाने सिनेगॉग जाळले. सम्राट थिओडोसियसने कायद्याला धरून हुकूम दिला की, बिशपने स्वतःच्या खर्चाने ते पुन्हा बांधून द्यावे. परंतु मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला. भर चर्चमध्ये त्याने सम्राटाला अडवले आणि हुकूम मागे घेतल्याचे वचन मिळेपर्यंत पूजाविधी पुढे नेण्यास नकार दिला. सम्राट झुकला. जाळणारे सुटले. कायदा असूनही धर्मसत्तेपुढे तो कसा गुडघे टेकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

इ.स. ४३८ मध्ये दुसऱ्या थिओडोसियसच्या कायद्याने ज्यूंना सरकारी पदे बंद झाली आणि नवी सिनेगॉग बांधण्यासही मनाई झाली. संत ऑगस्टिनने त्याआधीच याला तात्त्विक बैठक देऊन ठेवली होती. ज्यूंना मारू नये, परंतु ते विखुरलेले, पराभूत स्थितीत राहावेत, म्हणजे त्यांची दैना पाहून ख्रिस्ती धर्माची सत्यता जगाला पटेल, असा त्याच्या मांडणीचा मथितार्थ होता. जिवंत ठेवायचे, पण वर येऊ द्यायचे नाही. पुढची अनेक शतके हेच धोरण चालले.

ओळखचिन्ह, वस्ती आणि आळ

१०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेमला पोहोचण्याआधीच ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या शहरांतील ज्यूंची कत्तल केली. दूरच्या शत्रूकडे जाण्याआधी घराजवळचा 'देवाचा मारेकरी' संपवू, हा त्यामागचा विचार.

१२१५ मध्ये रोमला भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवले की, ज्यूंनी आणि मुसलमानांनी वेगळा पोशाख करावा, म्हणजे ते ओळखू येतील. ईस्टरपूर्वीच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी रस्त्यावर दिसू नये. त्यांना अधिकाराची पदे देऊ नयेत. फ्रान्समध्ये १२६९ साली नवव्या लुईने कपड्यांवर पिवळे चिन्ह लावणे सक्तीचे केले. १५१६ मध्ये व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी ज्यूंना एका बेटावजा वस्तीत कोंडले. त्या वस्तीचे दरवाजे रात्री बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंकडूनच वसूल होई. त्या जागेचे नाव 'घेट्टो'. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द तिथून आला. १५५५ मध्ये चौथ्या पॉल या पोपने रोममध्येही घेट्टो उभारला आणि ज्यूंना जमीनजुमला बाळगण्यास बंदी केली. तो घेट्टो १८७० पर्यंत टिकला.

माणूस दिसू नये, दिसला तर ओळखू यावा, राहावा तर वेगळ्या वस्तीत राहावा. वाचकांना यावर भाष्याची गरज नाही.

यात भर पडली ती आळांची. ११४४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच गावात विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत सापडले. काही वर्षांनी एका मठवासीयाने गोष्ट रचली की, ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचा बळी दिला. पुढे या गोष्टीला 'ज्यू ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात' असे रूप आले. वास्तविक ज्यूंच्या धर्मशास्त्रात रक्त खाणे पूर्णपणे निषिद्ध आहे, प्राण्याच्या मांसातलेदेखील. जर्मन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३५-३६ मध्ये चौकशी करवून हा आळ खोटा ठरवला. पोप चौथ्या इनोसंटनेही १२४७ मध्ये त्याचा निषेध केला. म्हणजे चौकशी झाली, निर्दोषत्व जाहीर झाले, तरीही आळ चालूच राहिला. कारण तो पुराव्यावर उभाच नव्हता.

१३४८-४९ मध्ये युरोपात प्लेगने थैमान घातले, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकले अशी आवई उठली. ज्यूही प्लेगने मरत आहेत, असे पोप सहाव्या क्लेमंटने निदर्शनास आणून दिले. कोणी ऐकले नाही. स्ट्रासबर्गमध्ये फेब्रुवारी १३४९ मध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. तेव्हा प्लेग त्या शहरात पोहोचलाही नव्हता! परंतु ज्यूंकडे असलेली कर्जे मात्र लगोलग रद्द झाली.

सावकारी कोणी लादली?

इथे तो प्रसिद्ध आक्षेप येतो. 'ज्यू सावकार होते, पैशाचे लोभी होते, म्हणून लोक चिडले.' सावकारीची झळ आपल्या समाजाने सोसलेली असल्याने हा आक्षेप आपल्यालाही पटकन पटतो. म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

मध्ययुगीन युरोपात ज्यूंना अनेक ठिकाणी जमीन धारण करता येत नसे. सुतार, विणकर, सोनार यांचे जे कारागीर संघ होते ते ख्रिस्ती संतांच्या नावाने, ख्रिस्ती शपथेवर चालत, त्यामुळे तिथेही प्रवेश नव्हता. दुसरीकडे चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्यास मनाई केली होती. परंतु राजाला युद्धासाठी, सरदाराला किल्ल्यासाठी, मठाला इमारतीसाठी कर्ज तर हवेच होते. सर्व दारे बंद करून एक घाणेरडे मानलेले दार उघडे ठेवायचे, आणि माणूस त्या दारातून आत गेला की 'पाहा, हा मुळातच घाणेरडा' म्हणायचे, असा हा न्याय होता. शिवाय बहुसंख्य ज्यू सावकार नव्हतेच. ते रंगारी, शिंपी, फेरीवाले, वैद्य, मजूर होते आणि गरीब होते.

या सावकारीचा खरा मालक कोण होता? लिंकन शहराचा आरॉन हा इंग्लंडमधील सर्वात श्रीमंत ज्यू सावकार ११८६ मध्ये वारला, तेव्हा त्याची मालमत्ता राजाने ताब्यात घेतली. त्याची येणी वसूल करण्यासाठी राजाने वेगळे खातेच उघडले. म्हणजे ज्यू सावकार हा राजाचा स्पंज होता. आधी प्रजेकडून शोषून घ्यायला लावायचे, मग राजाने पिळायचे. लोकांचा संताप मात्र ज्यूवर. ११९० मध्ये यॉर्क शहरात जमावाने ज्यूंना किल्ल्याच्या बुरुजात कोंडले आणि सुमारे दीडशे माणसे मेली. या जमावाचे काही म्होरके स्वतः कर्जबाजारी सरदार होते. कत्तलीनंतर ते थेट यॉर्कच्या मुख्य चर्चमध्ये गेले आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले. धर्मयुद्धाची घोषणा तोंडात आणि ऋणकोचा स्वार्थ पोटात. १२७५ मध्ये इंग्लंडच्या राजाने ज्यूंना व्याजाचा धंदाही बंद केला आणि १२९० मध्ये सर्वांना देशाबाहेर काढले.

धर्म बदलला तरी सुटका नाही

आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावा असा टप्पा यापुढचा आहे.

आरोप धार्मिक असेल तर धर्म बदलताच तो संपायला हवा. स्पेनमध्ये १३९१ च्या कत्तलींनंतर हजारो ज्यूंनी जिवाच्या भीतीने बाप्तिस्मा घेतला. ते कायद्याने ख्रिस्ती झाले. त्यांच्यापैकी काही शिकले, पदांवर गेले. आणि तिथेच जुन्या ख्रिस्त्यांचा पोटशूळ उठला. १४४९ मध्ये टोलेडो शहरात नियम केला गेला की, ज्यू वंशातून आलेल्या ख्रिस्त्याला शहराचे कोणतेही पद मिळणार नाही. कारण काय? त्याचे रक्त शुद्ध नाही! पोप पाचव्या निकोलसने या नियमाचा निषेध केला, कारण बाप्तिस्म्याने सर्व ख्रिस्ती समान होतात अशी चर्चची शिकवण होती. तरीही 'रक्तशुद्धी'चे नियम पसरत गेले. १५४७ मध्ये टोलेडोच्या मुख्य चर्चने तो स्वीकारला. १५९३ मध्ये जेझुइट संघाने ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना प्रवेश बंद केला आणि हा नियम पूर्णपणे रद्द व्हायला १९४६ साल उजाडले.

म्हणजे आधी सांगितले, तुझा धर्म वाईट आहे, तो सोड. सोडल्यावर सांगितले, धर्म सोडलास, पण रक्त कुठे सोडलेस? माणूस काय मानतो यावरून आरोप आता माणूस कोणाच्या पोटी आला यावर गेला. गुणवत्ता दिसू लागली की शुद्धतेचा प्रश्न निघतो, हा अनुभव एकट्या स्पेनचा नाही.

ही आग आपल्या किनाऱ्यापर्यंतही आली होती. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले आणि पाच वर्षांत पोर्तुगालने आश्रयाला आलेल्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. अशाच एका कुटुंबातला गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याच्याकडून उपचार घेई. इथल्या वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि युरोपभर वाचला गेला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले होते. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताच्याही अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. मेलेल्या माणसावर खटला चालवणारे हे न्यायालय होते! त्याच धर्मन्यायालयाने पुढे गोव्यातील हिंदूंनाही छळले. एकासाठी घडवलेले हत्यार दुसऱ्यावर चालवायला फारसा वेळ लागत नाही.

ग्रंथातून वंशशास्त्रात

धर्मसुधारक म्हणून गाजलेला मार्टिन ल्यूथर १५२३ मध्ये ज्यूंशी प्रेमाने वागा, म्हणजे ते ख्रिस्ती होतील, असे सांगत होता. ते झाले नाहीत. १५४३ मध्ये त्याने लिहिलेल्या पुस्तकात सिनेगॉग जाळा, घरे पाडा, ग्रंथ काढून घ्या, त्यांना श्रमाला जुंपा, असे सल्ले दिले. पोपशी भांडणारा हा बंडखोर, पण ज्यूंच्या बाबतीत पोपच्याही पुढे गेला. एका अन्यायाविरुद्ध लढणारा माणूस दुसऱ्या अन्यायाचा वकील होऊ शकतो, हा धडा कोणत्याही चळवळीने विसरू नये.

मुस्लिम राजवटींत स्थिती वेगळी होती. देवाला मारल्याचा आरोप तिथे नव्हता, कारण येशू क्रूसावर मेला हेच कुराणाला मान्य नाही. ज्यूंना संरक्षण होते, परंतु जिझिया भरून आणि दुय्यम दर्जा पत्करून. १०६६ मध्ये ग्रॅनाडात कत्तलही झाली. तरीही स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना आश्रय दिला तो तुर्कस्तानच्या सुलतान बायझीदने. रक्ताचा आळ मध्यपूर्वेत गाजला तो १८४० मध्ये दमास्कस येथे, आणि त्यात फ्रेंच वकिलातीच्या अधिकाऱ्याचा मोठा हात होता.

फ्रान्सने १७९१ मध्ये ज्यूंना समान नागरिकत्व दिले. हळूहळू इतर देशांतही कायद्याच्या भिंती पडू लागल्या. परंतु कायदा बदलला तरी मन बदलले नव्हते. विज्ञानाच्या युगात 'देवाचे मारेकरी' हे शब्द जुनाट वाटू लागले, तेव्हा त्याच द्वेषाने वंशशास्त्राचा अंगरखा चढवला. १८७९ मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने 'अँटिसेमिटिझम' हा शब्द प्रचारात आणला आणि ज्यू हा धर्म नसून शत्रू वंश आहे, असे मांडले. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. लेखक एमिल झोला त्याच्या बाजूने उभा राहिला. ड्रायफस पूर्णपणे निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले.

१९०३ मध्ये रशियात एक कागद छापला गेला. त्याचे नाव 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन'. ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घेण्याचा कट रचला, त्याची ही टिपणे, असा दावा होता. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने सिद्ध केले की, त्यातला बराच मजकूर मॉरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ च्या राजकीय उपहासातून उचललेला आहे, आणि मूळ पुस्तक सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर होते, ज्यूंवर नव्हतेच. इतका उघडा पडलेला बनावट दस्तऐवज! तरीही हिटलरने तो वापरला आणि १९८८ मध्ये हमासच्या सनदेतही त्याचा आधार घेतला गेला. 'ज्यू सगळे जग चालवतात' हे आपल्या मोबाइलवर फिरणारे वाक्य याच कारखान्यातले आहे.

नाझींनी १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे केले. वकील म्हणून या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीन किंवा अधिक आजी-आजोबा ज्यू असतील तो ज्यू, अशी व्याख्या होती. पण आजोबा ज्यू होते हे ठरवायचे कसे? रक्त तपासून ते कळत नाही. म्हणून कायद्याने म्हटले की, आजोबा ज्यू धर्मसंस्थेचे सदस्य असतील तर ते ज्यू समजावेत. म्हणजे 'वंशा'चा पुरावा शेवटी धर्माच्या नोंदवहीतून आणावा लागला! वंश नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती. जुन्या धार्मिक आरोपाला नवे नाव दिले होते. १९४१ मध्ये पिवळा तारा आला. घेट्टो पुन्हा आले. आणि मग मध्ययुगानेही केले नव्हते ते आले : विषारी वायूच्या कोठड्या. साठ लाख ज्यू मारले गेले. युद्धानंतरच्या खटल्यात ज्यूद्वेषाचा प्रचारक युलियुस श्ट्रायखर याने बचाव केला की, आज ल्यूथर असता तर तोही या पिंजऱ्यात असता. गुन्हेगाराचा हा बचाव टिकला नाही, परंतु मुळे कुठवर गेली होती ते त्याने नकळत सांगितले.

आरोप मागे घ्यायला इतकी शतके

ज्यूल इझाक या फ्रेंच इतिहासकाराची पत्नी आणि मुलगी नाझींच्या छळछावणीत मारल्या गेल्या. उरलेले आयुष्य त्याने एकाच प्रश्नाला वाहिले : ख्रिस्ती शिकवणीतला ज्यूंचा तिरस्कार खरोखर येशूच्या शिकवणीत आहे का? १९६० मध्ये तो पोप तेविसाव्या जॉनला भेटला आणि त्याने आपले पुरावे पुढे ठेवले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने घोषणा केली की, येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर आणि आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. अमेरिकेतील ल्यूथरवादी चर्चने १९९४ मध्ये ल्यूथरची ज्यूविरोधी वचने जाहीरपणे नाकारली.

याचे श्रेय दिलेच पाहिजे. धर्मग्रंथाच्या आधारे झालेला अन्याय धर्मसंस्थेला मान्य करता येतो, हे त्यातून दिसले. अर्थात घोषणेने द्वेष संपला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी नरिमन हाऊस हे ज्यूंचे केंद्र हेरून माणसे मारली. २०१८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जण मारले गेले.

कोकणातला पुरावा

ज्यू जिथे जातात तिथे द्वेष ओढवून घेतात, या म्हणण्याला एक सणसणीत उत्तर आपल्या कोकणात आहे. अलिबाग, पेण, रोहा या भागांत बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आडनावे दिवेकर, पेणकर, किहिमकर. समुएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधले. धर्मासाठी त्यांची कत्तल झाल्याची नोंद इथे नाही. माणसे तीच, धर्म तोच, सणवार तेच. मग द्वेष का झाला नाही? कारण त्यांना देवाचे मारेकरी ठरवणारा ग्रंथ इथल्या गावात कोणी वाचत नव्हते. दोष ज्यूंच्या स्वभावात असता तर तो कोकणातही दिसला असता.

म्हणून इथे सगळे आलबेल होते असे मात्र समजू नये. इथल्या व्यवस्थेने त्यांना एका जातीचे नाव दिलेच, आणि त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद रुजला. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नासाठी पूर्वजांची चौकशी मागितली. त्याविरुद्ध या मराठी ज्यूंनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. शुद्धतेचा रोग छळ सोसलेल्यांनाही जडतो.

आपण काय घ्यायचे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाबासाहेबांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचे अस्पृश्यांशी वर्तन यांची थेट तुलना केली आणि विचार व परिणाम या दोन्ही बाबतींत त्यांत फरक नाही, असे मत मांडले. त्याच वेळी ज्यूंचा तिरस्कार होतो, परंतु अस्पृश्यांचा तिरस्कारही होतो आणि वर येण्याच्या संधीही नाकारल्या जातात, हा फरकही त्यांनी दाखवला. आपल्या वस्त्यांवर लिहिताना त्यांनी घेट्टो हाच शब्द वापरला. उलट १९३९ मध्ये गोळवलकर गुरुजींच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात जर्मनीने ज्यूंना हुसकावले ते हिंदुस्थानने शिकण्यासारखे मानले गेले. हिटलरचे आत्मचरित्र आजही आपल्या शहरांत, मराठी अनुवादातही, सहज विकत मिळते. आपण कोणत्या बाजूचे वारस आहोत, हे वेगळे सांगायला नको.

याचा अर्थ इस्रायल सरकारविरुद्ध बोलू नये असा मुळीच नाही. पॅलेस्टिनी जनतेला तिच्या भूमीचा, सन्मानाचा हक्क आहे आणि तो मागताना आवाज चढला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा सेनानी मोहम्मद देइफ यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. आरोप असा करायचा असतो. त्यात व्यक्तीचे नाव असते, कृत्य असते, तारीख असते, बचावाची संधी असते. त्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत कितीतरी ज्यूही आहेत. 'ही जातच तशी' म्हणणारा त्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी कोणत्याही समूहाविरुद्धचे भाषण ऐकताना तीन गोष्टी विचाराव्यात. आरोप नेमका कोणावर आहे? पुरावा काय आहे? आणि आरोपीने मत बदलले, धर्म बदलला, देश बदलला तर तो आरोपातून सुटतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर तो आरोप कृत्यावर नसून जन्मावर आहे, मग तो कोणाच्याही तोंडून आलेला असो, आपल्या व्यासपीठावरून का असेना.

गाझासाठी मोर्चा निघेल तेव्हा जरूर जावे, फलक हाती घ्यावा, घोषणा द्याव्यात. त्या फलकावर सरकारचे नाव लिहावे, मंत्र्याचे लिहावे, सेनापतीचे लिहावे. आईच्या पोटातून येताना माणसाला मिळालेले नाव त्यावर लिहू नये.